आराखड्यात आधी पाखाडी धरा: कोकणातल्या ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सर्व ग्रामपंचायती

सप्रेम नमस्कार.

‘आमचं गाव, आमचा विकास’चा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकासाचा, आराखडा बसवताना आरोग्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी तीच कामं येतात: उपकेंद्राची रंगरंगोटी, धुराची फवारणी, कुठे एखादी ओपन जिम. ती करू नका असं आम्ही म्हणत नाही. पण त्या रकान्यात पहिलं नाव पाखाडीचं, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेचं, असावं, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. वाडीतून दुकानाकडे, शाळेकडे, देवळाकडे, एसटीच्या थांब्याकडे उतरणारी पायऱ्यांची वाट हे कोकणातल्या गावाचं सर्वांत मोठं आरोग्याचं साधन आहे, आणि आज त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष आहे.

असं का म्हणतो, ते आधी सांगतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. तरणी माणसं मुंबई-पुण्याला आणि वाडीत उरल्या बायका, म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. पाखाडीवरून रोज जी पावलं पडतात ती यांची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार चालण्याइतका व्यायाम सांगते. पासष्टीच्या पुढच्यांनी शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा आणि स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा असंही सांगते. आता हिशोब बघा. दुकान दहा मिनिटांवर असेल तर उतरायला दहा, चढायला बारा, अशी रोजची २२ मिनिटं, आठवड्याची १५४. पायऱ्या चढण्यात मांड्यांची ताकद आली आणि उतरण्यात तोल आला. वेगळा वेळ नको, ट्रेनर नको, वर्गणी नको.

पण ही गोष्ट वाट धड असेल तरच खरी. आषाढात एकदा पाय घसरला की आजी श्रावणात खाली उतरत नाही. मग सामान शेजारचा रिक्षावाला आणून देतो, भजनाला जाणं सुटतं, बीपीची गोळी संपली तरी उपकेंद्रात जायचं राहून जातं. चालणं सुटलं की मांड्यांची ताकद महिन्या-दोन महिन्यांत उतरते आणि पुढच्या वेळी पडण्याची शक्यता आणखी वाढते. त्या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुन्हा पूर्वीसारखं चालणं पुष्कळांना साधत नाही.

रस्ता हवाच, यात वाद नाही. रुग्णवाहिका वाडीच्या जितकी जवळ येईल तितकं चांगलं. मात्र रस्ता झाला म्हणून पाखाडी मोडू नका. वाडी आणि बाजारपेठ यांच्या उंचीत ४० मीटरचा फरक असेल तर १:१२ च्या चढाने (बारा मीटरला एक मीटर) गाडीरस्ता जवळपास अर्धा किलोमीटर वळसे घेतो. पाखाडी तीच उंची १६०-१६५ मीटरमध्ये गाठते. जेसीबी रस्ता कापत जातो तेव्हा पाखाडी मध्येच तुटते, वरची शेवटची पायरी दीड-दोन मीटर उंच दरडीवर लटकते आणि लोक मातीतून घसरत उतरतात. त्या दिवसापासून पायी जाणारा माणूस एक तर त्या दरडीवरून उतरतो, नाहीतर वळशाने जातो, नाहीतर घरी बसतो. म्हणून रस्त्याच्या अंदाजपत्रकातच प्रत्येक तुटीच्या जागी दोन्ही बाजूंच्या पायऱ्या धरायला लावा. रस्त्याला लागण्याआधी किमान दीड मीटरचा सपाट टप्पा ठेवा, म्हणजे धावत येणारं पोर थेट गाडीपुढे जाणार नाही. तिथल्या गटारावर फरशी किंवा जाळी हवी. जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, म्हणजे काठीचं टोक आत अडकत नाही.

आता खुद्द पायरी. पाखाडीवर माणसं का पडतात याचं एक मोठं कारण आहे असमान पायरी. उतरताना पाय आधीच्या दोन-तीन पायऱ्यांवरून उंचीचा अंदाज बांधतो. पुढची पायरी दोन सेंटीमीटरने जरी खोल निघाली तरी तोल जातो, आणि डोळ्यांना तो फरक दिसतही नाही. बाहेरच्या, पावसात भिजणाऱ्या वाटेसाठी पायरीची उंची १२ सेंमी, म्हणजे पावणेपाच इंच, आणि पाय ठेवायची खोली ३८ सेंमी, म्हणजे १५ इंच, हे माप कोकणात चांगलं बसतं. जागा अगदीच खडी असेल तर उंची १५ सेंमीपर्यंत न्या (तेव्हा खोली ३० ते ३५ सेंमी), त्यापुढे नको; तिथे वाटेला वळण देऊन लांबी वाढवा. उंचीची दुप्पट अधिक खोली ही बेरीज ६० ते ६५ सेंमीच्या आत आली पाहिजे, हा गवंड्यांनाही ठाऊक असलेला हिशोब आहे. एका पाखाडीत सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर ती पायरी फोडून परत करायची. दर दहा पायऱ्यांनंतर १.२ मीटरचा टप्पा ठेवा. रुंदी १.८ मीटर. घरांच्या गडग्यांमुळे (दगडी कुंपणांमुळे) ती मिळत नसेल तर दीड मीटरखाली येऊ नका आणि वळणावरचा टप्पा १.८ बाय १.८ मीटर ठेवा, कारण आजाऱ्याला खुर्चीत बसवून खाली आणायची वेळ येते तेव्हा दोन माणसं आणि खुर्ची त्या वळणात फिरली पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. बारा मीटर उंची चढायची आहे. १२ सेंमीच्या १०० पायऱ्या, त्यांची आडवी लांबी ३८ मीटर; मधले नऊ टप्पे मिळून सुमारे ११ मीटर; एकूण ४९ मीटर. जांभ्याच्या चिऱ्यांचा पाया घालून वर १० सेंमी काँक्रीट धरलं तर १.८ मीटर रुंदीला सुमारे ९ घनमीटर काँक्रीट होतं. १:१.५:३ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मिश्रणाला त्यासाठी ७० ते ७२ पोती सिमेंट लागतं. हा आकडा सदस्यांनी खिशात ठेवावा आणि कामावर आलेली पोती मोजावीत. दुसरी मोजायची गोष्ट म्हणजे पाणी: ५० किलोच्या पोत्याला ३० लिटरपेक्षा जास्त नको. मिश्रण सहज वाहावं म्हणून मिक्सरमध्ये बादलीवर बादली ओततात, मग सिमेंटची साय वर येते, पहिल्या पावसात ती पावडरसारखी निघून जाते आणि खाली गुळगुळीत खडी उघडी पडते. वरचा पृष्ठभाग ओला असतानाच कडक खराट्याने आडव्या रेघा ओढून घ्या. थापीने चकचकीत घोटलेली पायरी, तसंच कोटा किंवा पॉलिश केलेली फरशी पाखाडीला कधीही लावू नका, देणगीत आली तरी नाही. उघडा चिरा दिसायला सुंदर आणि पायाला घट्ट असतो, पण त्याची कड पाच-सात वर्षांत झिजून गोल होते. चिऱ्याचीच पायरी ठेवायची असेल तर कडेला काळ्या दगडाची पट्टी बसवा.

कामाची वेळ चुकते आणि त्यात सगळं वाया जातं, हेही स्पष्ट सांगायला हवं. निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून काँक्रीट मार्च-एप्रिलमध्ये पडतं. तेव्हा बावी (विहिरी) तळाला गेलेल्या असतात, माणसांना प्यायला पाणी पुरत नाही, तर काँक्रीटवर कोण मारणार? आज बाजारात मिळणारं सिमेंट बहुतेक राखमिश्रित असतं; त्याला किमान दहा आणि शक्यतो चौदा दिवस पाणी लागतं. तीन दिवसांत सोडून दिलेलं काँक्रीट वरून पांढरं आणि आतून कच्चं राहतं. दिवाळी झाली की काम सुरू करा आणि जानेवारीच्या आत काँक्रीट संपवा. पोती अंथरून ती भिजत ठेवली तर निम्म्या पाण्यात भागतं. खाडीची वाळू न धुता घेऊ नका, विशेषतः जिथे लोखंडी सळी किंवा रेलिंगचा पाय बसणार आहे तिथे. मीठ लोखंड आतून खातं आणि काँक्रीट फोडतं.

तरीही पाखाडीचा खरा शत्रू पाणी आहे. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पायऱ्यांची वाट ही डोंगरउतारावरची तयार पन्हळच असते. बाजूला गटार नसेल तर सगळं पाणी पायऱ्यांवरूनच धावतं, पायथ्याची माती नेतं आणि मग पायरी एका बाजूला बसते. गटार डोंगराच्या अंगाला हवं, ३० सेंमी रुंद, तळ पायरीच्या पृष्ठभागापेक्षा किमान २० सेंमी खाली. प्रत्येक पायरीला गटाराकडे थोडा उतार द्या: १.८ मीटर रुंदीत साडेतीन सेंटीमीटर पुरे. याहून जास्त दिलात तर काठी टेकणाऱ्याला पायरी कलती वाटते. गटार वाटेला ओलांडतं तिथे मोरी घाला आणि ती साफ करताना हात आत जाईल एवढी मोठी ठेवा. सहा इंची पाइप पहिल्याच पावसात आंब्याच्या पानांनी तुंबतो. गटाराचं तोंड पऱ्यात (ओढ्यात) सोडा. कुणाच्या बावीच्या वरच्या अंगाला ते कदापि सोडू नका. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, वरचं घाण पाणी गाळलं न जाता थेट बावीत पोचतं.

गोठ्याचं आणि न्हाणीचं सांडपाणी वाटेवर येत असेल तर तो निव्वळ स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) ओळख सिंधुदुर्गाला करून द्यायला नको; जनावरांच्या आणि उंदरांच्या मुतातून आलेला हा जंतू साचलेल्या पाण्यात राहतो आणि चिखल्यांनी फुटलेल्या पायांतून आत जातो. लावणीच्या दिवसांत अनवाणी पायांची सगळी ये-जा याच वाटेवरून असते. घराजवळच शोषखड्डा काढायचा तर एक मीटर लांब, रुंद, खोल एवढा ठीक, पण त्याच्याआधी गाळ आणि तेलकटपणा अडवणारी छोटी टाकी हवी, नाहीतर दोन वर्षांत तो मुजतो. जुलैत जमीन पाण्याने भरलेली असताना शोषखड्डा शोषत नाही, हेही गृहीत धरा. न्हाणीचं पाणी केळी, अळू आणि माडाच्या आळ्यात सोडायची आपली जुनी पद्धत अजूनही चांगली आहे. त्याला फक्त उघडा पाट न ठेवता पाइप करा, डास होत नाहीत.

शेवाळ. सावली आणि ओल जिथे एकत्र येते तिथे ते येणारच. इथे एक खरी अडचण आहे: मार्च ते मे सावली नसेल तर दुपारी अकरानंतर पाखाडी चढवत नाही, आणि जून ते ऑक्टोबर तीच सावली शेवाळ वाढवते. आमचा सल्ला असा की सावली पायऱ्यांवर न धरता टप्प्यांवर धरा. झाड वाटेच्या पश्चिमेला, कडेपासून दोन मीटर आत लावा आणि खालच्या फांद्या अडीच मीटरपर्यंत काढत जा. बकुळ, करंज, सुरंगी चांगली. किनाऱ्याजवळ खाऱ्या वाऱ्यात उंडी आणि भेंड टिकतात. जांभूळ वाटेवर नको, मे-जूनमध्ये पडलेल्या फळांवरून पाय सरकतात. माड तर नकोच. झावळी आणि नारळ कधी खाली येईल याचा नेम नसतो. बेणणी (गवत-झुडपं काढणं) आणि शेवाळ घासणं वर्षातून तीनदा हवं: मेअखेर, जुलैच्या मध्यावर आणि गणपतीच्या आधी. तिसरी खेप गावं करतातच, चाकरमानी यायचे असतात म्हणून. पहिल्या दोन खेपांची मजुरी आराखड्यात लिहा. तारेच्या ब्रशने घासा. ब्लीचिंग पावडर वापरली तर धुतलेलं पाणी बावीकडे जाऊ देऊ नका.

रेलिंगबद्दल थोडक्यात. उंची ९० सेंमी, पाइप चार सेंटीमीटर जाडीचा, म्हणजे मूठ बसते. तो शेवटच्या पायरीच्या पुढे ३० सेंमी न्या, कारण आधार सर्वांत जास्त शेवटच्या पायरीवर लागतो आणि नेमका तिथेच पाइप संपतो. रंग दिलेला साधा लोखंडी पाइप किनाऱ्याजवळ काँक्रीटमध्ये रोवलेल्या जागी सडतो, वरून धड दिसतो आणि एक दिवस हातात येतो. गरम जस्तात बुडवलेला घ्या. जोड दिल्यावर वेल्डिंगच्या जागी जस्ताचा रंग लावा आणि खांबाच्या पायाशी पाणी साचू नये म्हणून काँक्रीटला चारी बाजूंनी उतार द्या. जिथे गडगा आहे तिथे त्याचाच एक भाग ४५ सेंमी उंच आणि ४० सेंमी रुंद बांधला की बसायला जागा होते. दर दुसऱ्या टप्प्यावर अशी एक जागा असली तर गुडघे दुखणारी माणसंही घराबाहेर पडतात.

दिव्यांची संख्या मोजू नका, जागा मोजा. पायऱ्यांची सुरुवात, शेवट, प्रत्येक वळण आणि मोरी. सौर दिवा झाडाखाली लावला तर पावसाळ्यात बॅटरी भरत नाही, म्हणून जिथे तार पोचते तिथे साधा विजेचा दिवा बरा. जांभ्याच्या सांध्यांत आणि दगडांच्या ढिगात फुरसं हा विषारी साप दडतो. पायऱ्यांचे उभे सांधे आणि गडग्याचा खालचा दीड फूट चुन्या-सिमेंटने भरून घ्या, दोन्ही अंगांची एक मीटर पट्टी मोकळी ठेवा.

वाट चांगली झाली तरी ती कुठे जाते याला महत्त्व आहेच. उपकेंद्र, अंगणवाडी, रेशन दुकान बहुतेकदा तिथे होतं जिथे कुणीतरी जमीन बक्षीस दिलेली असते, आणि ती जमीन पुष्कळदा सड्यावर (कातळाच्या उघड्या माळावर), वस्तीपासून दूर असते. पुढची इमारत मंजूर होईल तेव्हा किमान दोन वाड्यांपासून दहा-बारा मिनिटांच्या पायी अंतरावर जागा शोधा आणि शक्य तर थांब्याच्या शेजारी. एका खेपेत रेशन, गोळ्या आणि पोराचं वजन ही तिन्ही कामं झाली तर माणूस चालतो. एसटीच्या निवाऱ्याची भरीव भिंत नैऋत्येला घ्या, पाऊस तिकडून येतो.

खालच्या रस्त्यावर शाळेसमोर गाड्यांचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत आला पाहिजे. त्यासाठी जे गतिरोधक घालतात ते बहुतेक फूटभर रुंद आणि सहा इंच उंच असतात. त्याने बाळंतपणाला निघालेल्या बाईचे हाल होतात आणि दुचाकीवाला बाजूने काढून घेतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी फक्त १० सेंमी उंच असतो. कडेला गटारापाशी ३० सेंमी जागा सोडा, नाहीतर वरच्या अंगाला डबकं होतं. महामार्ग आपल्या हातात नाही, पण ओलांडण्याची जागा कुठे हवी याचा ठराव आणि नकाशा आपणच पाठवायचा आहे.

ओपन जिमबाबत एवढंच: समुद्राच्या वाऱ्यात तिच्या बेअरिंगना वर्षातून दोनदा ग्रीस लागतं आणि वर छप्पर लागतं. हे दोन्ही देणार नसाल तर ते पैसे रेलिंगला द्या.

कामाची सुरुवात मोजणीने करा. एका पाखाडीला एक सकाळ पुरते. सत्तरीच्या पुढची एक आजी, एक गरोदर बाई, तिसरीतलं एक मूल, आशाताई, एक सदस्य आणि जिल्हा परिषदेचा अभियंता यांनी खालून वर आणि वरून खाली चालायचं. हातात पाच मीटरची टेप, पातळी बघायला पाण्याची नळी आणि खडू. १५ सेंमीपेक्षा उंच पायरीवर फुली, शेजारच्या पायरीपेक्षा एक सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तिथे दोन फुल्या, पाणी वाट ओलांडतं तिथे बाण, शेवाळाला गोल. आजी जिथे भिंतीला हात लावते तिथे रेलिंग, जिथे थांबते तिथे बसायची जागा. हीच फेरी मेमध्ये दुपारी एकला आणि जुलैत पाऊस असताना संध्याकाळी सातला पुन्हा करा. दोन्ही वेळा वेगळ्या अडचणी दिसतात. दुरुस्तीचा क्रम बदलू नका: आधी गटार आणि मोरी, मग पायऱ्या, मग रेलिंग, मग दिवे. रेलिंग आधी आणि गटार नंतर केलं की बसलेल्या पायरीबरोबर खांबही कलतात.

अंदाजपत्रकात पाखाडी नुसती रनिंग मीटरमध्ये, म्हणजे फक्त लांबीने, लिहिली आणि पायरीचं माप लिहिलं नाही, तर कमी पायऱ्यांत उंची गाठणं ठेकेदाराला परवडतं. वीस-बावीस सेंटीमीटरच्या पायऱ्या अशाच होतात. म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा सोबत देत आहोत, गावाचं आणि वाडीचं नाव घालून जसाच्या तसा वापरावा:

“ही ग्रामसभा ठरवते की, ______ वाडी ते ______ या पाखाडीची दुरुस्ती पुढील वर्षाच्या आराखड्यात आरोग्याचे काम म्हणून घ्यावी. अंदाजपत्रकात पायरीची उंची १२ सेंमी (कमाल १५ सेंमी), खोली ३८ सेंमी (उंची १५ सेंमी असल्यास ३० ते ३५ सेंमी), दोन पायऱ्यांतील फरक कमाल अर्धा सेंमी, दर दहा पायऱ्यांनंतर १.२ मीटरचा टप्पा, डोंगराच्या बाजूने ३० सेंमी रुंद गटार आणि खराट्याने खरवडलेला पृष्ठभाग असे स्पष्ट नमूद करावे. मोजमाप पुस्तिकेत प्रत्येक पायरीची उंची नोंदवावी. काँक्रीटचे काम नोव्हेंबर ते जानेवारी या काळात व्हावे. अंतिम देयकाआधी वाडीतील किमान दोन ज्येष्ठ स्त्रियांसह ग्रामस्थांनी पाखाडी चालून पाहावी व त्यांच्या हरकतींची नोंद घ्यावी. मेअखेर व जुलैमध्ये शेवाळ काढण्याची मजुरी दरवर्षी तरतूद करून ठेवावी.”

आपले,
कोकणात वस्तीरचना, स्थापत्य आणि सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही जण